पांढऱ्या गाडीचं आवतन

देवराव भोयर दर रविवारी सकाळी उजव्या हातात भाजीची पातळ प्लास्टिकची पन्नी चढवतात आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू हात फिरवतात. नुसत्या बोटांना जी खरखर लागत नाही ती म्हणे पन्नीतून बरोबर लागते. कोराडी रोडवरच्या त्या लेआउटमध्ये हा कार्यक्रम आठ वर्षं चालू आहे, आणि शेजारचे सुशील राऊत आठही वर्षं गच्चीवरून दात घासता घासता एकच प्रश्न विचारत आलेत, "काय भोयर साहेब, नाडी पाहून राहिले काय?" देवराव उत्तर देत नाहीत. पेशंट तपासताना डॉक्टर बोलतो काय?

गाडी पांढरी, आठ वर्षांची, आणि चालली किती म्हणाल तर अकरा हजार किलोमीटर. त्यातलेही बरेचसे सर्व्हिसिंगला नेण्या-आणण्यात गेलेत. शोभाताई, म्हणजे देवरावांची बायको, डोळे दाखवायला शहरात सदर भागात जातात त्या बसने. गाडी घरी अंगावर चादर घेऊन झोपलेली, आणि बायको बसमध्ये दांडा धरून उभी. कारण काय, तर गाडीवर त्याच आठवड्यात मेण चढलेलं असतं आणि सदरला पार्किंगच्या झाडांवर कावळे बसतात. कावळ्याची घाण रंगाला कशी खाते यावर देवराव तासभर बोलू शकतात. स्वतःच्या पोरीबद्दल ते इतके कधी बोलले नाहीत. पोरगी उन्नती पुण्याला नोकरीला असते. मेणाचा पहिला डबा तिनेच बापाच्या वाढदिवसाला पाठवला होता, आणि त्याबद्दल शोभाताईंनी तिला अजून माफ केलेलं नाही.

"इतकं मेण माह्या तोंडाले चोपडलं असतं," शोभाताई म्हणतात, "तं या वयात माह्यासाठी स्थळं आली असती."

"तुले कोणं राखेत उभं करून ठेवलं?" देवराव म्हणतात. यात त्यांना विनोद वाटत नाही.

हे वेड राखेतून आलं, असं शोभाताईंचं मत. ते अर्धं खरं आहे. देवराव पस्तीस वर्षं जवळच्याच वीज केंद्रात राख विभागात होते. ड्युटीवरून आले की भुवयांसकट पांढरे. रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली, दारात उभी केली, हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी उठून पाहतात तर बोनेटवर राखेचा पातळ थर. आता पस्तीस वर्षं राखेत काढलेल्या माणसाने काय करावं? त्याने खांद्यावरचा कोरडा दुपट्टा ओढला आणि गोल गोल घासून गाडी लख्ख पुसली. राख म्हणजे बारीक काच, तिला कोरडं घासू नका, असं नव्या पोरांना ओरडून सांगणारा माणूस तो हाच! ऊन वर आलं आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकायला लागले. देवराव ओट्यावर जे बसले ते जेवायलाही उठले नाहीत. ते ओरखडे त्यांनी आजवर कुणाला दाखवलेले नाहीत. दर रविवारी त्यांत मेण भरायचं आणि वर चमक आणायची, म्हणजे ते दिसत नाहीत.

उरलेलं अर्धं वेड पारशिवनीकडच्या एका खेड्यात राहतं. त्याचं नाव शालिकराम. देवरावांचे थोरले भाऊ.

देवराव चौदा वर्षांचे असताना पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एकट्याने घरची बैलजोडी नाल्यावर धुतली. शिंगं घासली, खुरं घासली, शेपटीचे गोंडे विंचरले. स्वतः चिखलात न्हाले, पण बैल आरशासारखे केले. शालिकराम आले.  बैलाच्या पाठीवरून केसांच्या उलट दिशेने हात फिरवत निघाले. पाठ झाली, मान झाली, गळ्याची पोळी झाली. कानामागे त्यांची बोटं थांबली. त्यांनी तिथून एक टम्म फुगलेला गोचीड काढला आणि धाकट्याच्या नाकापुढे धरला.

"कानामांगं राहिलं. तुह्याच्यानं नाही होत, देवा."

एवढंच. पुढे देवराव नोकरीला लागले, पंप चालवले, पंचवीस माणसं हाताखाली वागवली, पोरीला इंजिनिअर केलं. पण ते वाक्य जागचं हललं नाही. गाडी घेतल्यापासून त्यांना एकच हवं होतं. दादाने एकदा या गाडीवरून हात फिरवावा आणि त्याला काही म्हणजे काही सापडू नये. आता यासाठी गाडी गावाला न्यावी लागते, हे तुम्हा-आम्हाला कळतं. पण गावाच्या रस्त्याला कोळशाचे ट्रक, धूळ, चिखल. आठ वर्षं देवराव गावाला गेले ते बसनेच.

श्रावण सरत आला आणि शालिकरामांचा फोन आला.

"देवा, माहे गुडघे गेले. जोडी देऊन टाकली चैतात. पोळ्याले तोरणाखाली भोयराची जागा खाली राहीन. आता लोकं टॅक्टरंही उभे करतेत. तू गाडी घेऊन ये." आणि फोन बंद. बोलणं संपलं की बोलायचं नाही, हा शालिकरामांचा नियम.

पोळ्याला गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली घराघरांच्या जोड्या ओळीने उभ्या राहतात. भोयरांची जागा मारुतीच्या पारापासून तिसरी, आजोबांपासूनची. तिथे आता देवरावांची गाडी उभी राहणार होती! देवरावांनी फोन ठेवला आणि हातात पन्नी चढवली. वार बुधवार होता. सुशील राऊत गच्चीवर धावत आले, म्हणाले, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

तीन दिवस घरात दुसरं काही झालं नाही. पहिल्या दिवशी आंघोळ, तीही दोन बादल्यांची. एकीत साबण, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी, म्हणजे निघालेली राख परत गाडीवर जात नाही. मग तो चिकणमातीचा मऊ गोळा. पाणी मारत फिरवला की रंगात रुतलेला कण न कण उचलतो. हा गोळा एकदा फ्रिजमध्ये कणकेशेजारी निघाला होता, आणि त्या दिवशी शोभाताईंनी त्याच्याच पोळ्या करायची धमकी दिली होती. दुसऱ्या दिवशी पॉलिश, एकेक वीतभर जागा घेऊन, हाताने. खांदा भरून आला तेव्हा शोभाताईंनी मलम चोळून दिलं आणि वर विचारलं, "दुसऱ्या कोटिंगले केव्हा येऊ?" तिसऱ्या दिवशी मेण. सावलीत, पातळ हात, त्यावर धुकं धरू द्यायचं आणि मऊ कापडाने अलगद उचलायचं. उन्हात घाई केली तर ते जागेवर वाळून बसतं आणि मग नखाने खरवडावं लागतं. संध्याकाळी शोभाताई गाडीजवळून गेल्या आणि दारात थबकल्या. बोनेटमध्ये त्यांना स्वतःचा अंबाडा दिसत होता.

"दिसते बाप्पा बरी," त्या म्हणाल्या. मग लगेच, "मी नाही, गाडी."

निघाले पोळ्याच्या आदल्या दिवशी. रस्ता तासाभराचा, देवरावांनी अडीच तास घेतले. समोरून कोळशाचा ट्रक दिसला की हे कडेला थांबत, धूळ खाली बसू देत, मग निघत. मागून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने दारातून वाकून जे काही म्हटलं ते शोभाताईंनी कानावर पदर घेऊन ऐकलं. त्यांचे पाय वर्तमानपत्रावर होते आणि मांडीवरचा चिवड्याचा डबा उघडायला बंदी होती. डिकीत पाण्याच्या दोन कॅन होत्या. गावाच्या शिवेवर देवरावांनी गाडी थांबवून तिची चाकं धुतली, मग स्वतःचा घाम पुसला.

घरी मनकर्णावहिनी एकट्याच होत्या. शालिकरामांच्या बायको, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अजून वावराच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा.

"दादा कोठी गेला, वैनी?"

"पारशिवनीले. गोंडे आणाले. म्हणे गाडीच्या कानाले बांधतो."

गाडीच्या कानाला! देवरावांना हसू आलं. त्यांनी गाडी रिकाम्या गोठ्यात लावली. वर टिनाचं छत, खाली शेणाने सारवलेली कोरडी जमीन, ऊन नाही, कावळे नाहीत. आठ वर्षांत गाडीला इतकी चांगली जागा मिळाली नव्हती. वरून चादर घातली, वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि आखरावर जागा पाहायला गेले. मोजून अर्ध्या तासात परत आले.

चादर गव्हाणीत पडलेली होती. गाडीपुढे मनकर्णावहिनी उभ्या होत्या. एका हातात कढत तुपात कालवलेल्या हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. डावं मडगार्ड माखून झालं होतं, उजवं चालू होतं. पान बुडवायचं आणि पत्र्यावर दाबून दाबून शेकायचं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि गाडीला म्हणाल्या,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच शेकतात आणि त्यांना जेवायचं आवतन असंच देतात. गाडीला खांदे कुठे, हे वहिनींनी आपल्या अकलेने ठरवलं होतं आणि खरं सांगायचं तर बरोबर ठरवलं होतं.

"वैनी! हे काय करून राहिल्या तुम्ही!"

गोठ्यात आवाज घुमला. शोभाताई घरातून धावत आल्या.

"आवतन देऊन राहिली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांना तो आवाज रागाचा आहे हे कळलंच नाही. "पन्नास वर्सं झाले, या दिवशी माह्या हातानं खांद शेकली नाही असं झालं नाही. यंदा सकाळपासून हळद कालवून ठेवली न् मंग ध्यानात आलं का गोठा तं खाली. बसून रडली मी, आता काय लपवू? मंग तुमची गाडी आली. उद्या तोरणाखाली जाईन ते, आवतनाबिगर कशी जाईन?"

 वहिनींनी हाताला उरलेली हळद गोठ्याच्या मधल्या खांबाला पुसली आणि त्या वाकत वाकत घरात गेल्या. शोभाताई नवऱ्याकडे एक नजर टाकून त्यांच्या मागे गेल्या. या वेळी त्यांनीही थट्टा केली नाही.

मग देवराव एकटे चिडले. हळदीवर चिडले, पोळ्यावर चिडले, आणि जन्मात पहिल्यांदा दाराला कडी न लावणाऱ्या खेड्यावर चिडले. मऊ कापडाने तूप उचललं, साबणाचं पाणी फिरवलं. तूप निघालं. पण कढत तुपाने मेणही वितळवून नेलं होतं, आणि मेणाखालच्या त्या ओरखड्यांत हळद जाऊन बसली होती. आठ वर्षं लपवलेलं जाळं आता दोन्ही मडगार्डांवर पिवळ्याधमक रेघांनी काढल्यासारखं दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं, मग शालिकरामांची काय कथा!

डिकीत पॉलिश होतं, कापडं होती. अर्ध्या तासाचं काम. जोर लावून घासलं की हळद निघेल, वर मेण भरलं की जाळंही जाईल. देवरावांनी डबा काढला, झाकण फिरवलं, कापडावर पॉलिश घेतलं, आणि हात पुसायला काही आहे का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. समोर मधला खांब होता. त्याच्यावर हळदीच्या बोटांचे पट्टे होते, एकावर एक, काही काळे पडलेले, काही मातकट. नोकरी लागेपर्यंत देवरावांनी याच खांबाला बैल बांधले होते, पण हे पट्टे त्यांना कधी दिसले नव्हते. सगळ्यात वरचे पट्टे खांद्याच्या उंचीला होते. वर्षागणिक ते खाली खाली येत गेले होते. आजचा ओला पट्टा कमरेच्याही खाली होता.

"हात्तिच्या मायला," देवराव म्हणाले. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा डिकीत टाकला. दादाला दिसणार, तर दिसो. त्या रात्री मात्र त्यांना वरणभातही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आखरावर लाउडस्पीकर वाजायला लागला. शालिकराम काठी टेकत गोठ्यात आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, धोतर, पांढरी टोपी, हातात लाल गोंडे. त्यांनी काठी खांबाला टेकवली. देवराव बाजूला उभे राहिले, शोभाताई आणि मनकर्णावहिनी दारात.

शालिकरामांनी डिकीपासून सुरुवात केली. उघडा तळवा, पन्नी-बिन्नी काही नाही. मागचं दार, छताची कड, पुढचं दार. हात कुठे अडला नाही. मग डावं मडगार्ड. तिथे तळवा थांबला. त्यांनी वाकून ते पिवळं जाळं पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला. 

"माहीच चूक आहे, दादा," देवराव बोलून बसले. "पहिल्याच दिवशी कोरड्या दुपट्ट्यानं राख घासली. पस्तीस वर्सं राखेत नोकरी करून! कोणाले सांगितलं नाही आजवर."

"खांद्यावर घासलेलं राहतेच," शालिकराम म्हणाले. "तेथंच लावा लागते हळद." आणि ते पुढे सरकले. आठ वर्षांचं गुपित, आणि माणसाने त्यावर दुसरं वाक्य खर्च केलं नाही.

मग ते गोंडा बांधायला बाजूच्या आरशाशी आले. दोरी आरशाच्या मागून घेतली आणि त्यांची बोटं तिथेच थबकली. ती खोबणीत शिरली, काहीतरी खरवडलं. त्यांनी हात वर केला. नखावर वाळलेल्या मेणाचा पांढरा खपला होता.

"कानामांगं राहिलं," शालिकराम म्हणाले.

 मग देवराव हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, गव्हाणीच्या काठावर बसावं लागलं. बावन्न वर्षं! तीन दिवस आंघोळ, माती, पॉलिश, मेण, आणि पुन्हा तोच कान! शोभाताईंना वाटलं काहीतरी झालं, त्या पुढे धावल्या. शालिकराम शांतपणे तो खपला धोतराला पुसत होते.

"बाकी बरं आहे," ते म्हणाले.

देवरावांचं हसू एकदम थांबलं. "काय म्हटलं दादा?"

"बाकी बरं आहे म्हटलं. किती चालली ते?"

"अकरा हजार."

"आठ वर्सात? मंग शोभा कायनं फिरते?"

"बसनं," दारातून शोभाताईंचा आवाज आला. तो आवाज या प्रश्नाची आठ वर्षं वाट पाहत होता.

शालिकरामांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. "तुह्याच्यानं धुणं होते, देवा. वागवणं नाही होत." मग त्यांनी काठी घेतली. "दार उघड. मले आखरापावतर पायी नाही जाता येत. म्हणून तं बोलावलं तुले."

देवरावांनी दार उघडलं. शालिकराम अंगणातल्या ओल्या शेणाचे पाय घेऊन आत बसले. शोभाताई वर्तमानपत्र घेऊन पुढे झाल्या तर देवरावांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "राहू दे वं." मागे मनकर्णावहिनी नैवेद्याचं ताट मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी वळणावर आमटी सांडली आणि कुणीच काही म्हटलं नाही.

तोरणाखाली तिसऱ्या जागेवर, एका ट्रॅक्टरच्या आणि एका बैलजोडीच्या मध्ये, भोयरांची गाडी उभी राहिली. कानांना लाल गोंडे, खांद्याला हळद. माइकवरून कुणीतरी तिच्यावर ताबडतोब झडती, म्हणजे पोळ्यातली तुकबंदी, रचली, "चार पायाचा गेला भाऊ, चार चाकाचा आला, कडबा नाही खात म्हणून मेण चारून झाला!" अख्खं आखर हसलं, हर हर महादेव झालं. बक्षीस मोरपिसं लावलेल्या ट्रॅक्टरला गेलं. देवरावांना ते घरी परतेपर्यंत आठवलंही नाही.

पुढच्या रविवारी गाडी धुतली गेली, पॉलिश झाली, मेण चढलं. दोन मडगार्डं सोडून. गच्चीवरून सुशील राऊतांनी ब्रश तोंडातच ठेवून विचारलं, "साहेब, गाडीले कावीळ झाली काय?"

"आवतन आहे ते," देवराव म्हणाले. आठ वर्षांतलं त्यांचं हे पहिलं उत्तर, त्यामुळे राऊतांच्या तोंडातला फेस खालच्या कुंडीत पडला.

सोमवारी शोभाताईंची डोळ्यांची तारीख होती. त्या पिशवी घेऊन बस स्टॉपकडे निघाल्या तर मागून हॉर्न वाजला. त्या बसल्या, पाय सरळ मॅटवर ठेवले आणि पहिल्याच सिग्नलला चिवड्याचा डबा उघडला. सदरला पार्किंगमध्ये उन्हातल्या जागा रिकाम्या होत्या. देवरावांनी गाडी कोपऱ्यातल्या झाडाखाली नेली आणि पुढची चाकं दाट सावलीत येईपर्यंत दोनदा मागेपुढे घेतली.

शोभाताईंनी काचेतून वर पाहिलं. "अजी, वरतं कावळे आहेत ना."

"राहू दे," देवराव म्हणाले. "हळद उन्हानं उडते."